दोन चित्रांमधला फटका

पेटीवाल्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारी जगात दोनच माणसं उरली होती: थोरली बहीण आणि तिचा नवरा. बाकी सगळ्या शहरासाठी तो पेटीवाला. आधी तो फोटो काढायचा. मग गोल चकतीवर घोड्याची बारा चित्रं काढून, ती गरगर फिरवून घोडा पळवून दाखवायचा. आणि आता दोन वर्षं त्याच्याकडे ती लाकडी पेटी होती. दांडा फिरवला की समोरचं दृश्य पट्टीवर उतरायचं, आणि तीच पेटी दिव्यापुढे ठेवून दांडा फिरवला की चादरीवर माणसं चालायची.

"चालत कोणी नाही," तो प्रत्येकाला सांगायचा. "सेकंदाला सोळा फोटो. दोन फोटोंच्या मधे झडप पडते, अंधार होतो. डोळा तो अंधार गिळतो आणि आपल्याला वाटतं, माणूस चालला."

भावोजी यावर हसायचे. "म्हणजे निम्मा वेळ तुझ्या पेटीला काही दिसतच नाही. आणि लोक टाळ्या वाजवतात!"

भावोजी दोरखंडाच्या कारखान्यात पिळाच्या यंत्रावर होते. वीस वर्षांत तळहातांची कातडी टाचेसारखी झाली होती. माणूस थट्टेखोर, पण एकदा अडला की अडला. ताई म्हणायची, "सुंभ जळेल, पण यांचा पीळ काही जायचा नाही."

त्याच कारखान्याच्या मालकानं पेटीवाल्याला बोलावलं. परगावी त्यानं चादरीवर कुठल्याशा कारखान्याची माणसं फाटकातून बाहेर पडताना पाहिली होती आणि तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. "माझीही माणसं चालली पाहिजेत चादरीवर. हसत, खेळत. पाहुण्यांना दाखवायचंय."

दुपारी जेवणाची घंटा झाली तेव्हा पेटीवाला फाटकासमोर तिपाईवर पेटी रोवून तयार होता. माणसं बाहेर आली ती खाली माना घालून. मालक चिडला. कारखान्याच्या जमादारानं सगळ्यांना आत हाकललं. दुसऱ्यांदा आली तेव्हा सगळी पेटीकडे बघत राहिली. पुन्हा आत. पेटीवाल्यानं तिसरी पट्टी भरली. ऊन मी म्हणत होतं, जेवणाची निम्मी सुट्टी संपली होती, आणि आठवड्यापूर्वी यंत्रात मनगटापासून हात गेलेल्या बाईची जागा अजून रिकामी होती.

तिसऱ्यांदा फाटक उघडलं आणि पेटीवाला दांडा फिरवू लागला. सेकंदाला दोन फेरे. तोंडानं एक-दोन, एक-दोन मोजत. बायका बळेच हसत बाहेर आल्या. त्यांच्यामागून भावोजी आले आणि उंबरठ्याच्या दगडावर थांबले.

"मालक," ते मोठ्यानं म्हणाले, "हात गेलेल्या त्या बाईलाही आणा की. तिलाही हसवू!"

कुणीतरी खरंच हसलं. जमादार गर्दीतून आडवा घुसला. हातात शिसं भरलेल्या मुठीची काठी.

"थांबवू नकोस," मालक पेटीवाल्याच्या कानाशी म्हणाला. "फिरव. बघू दे सगळ्यांना."

पहिला फटका कानावर बसला. ओला आवाज आला. भावोजी वाकले, त्यांनी एक हात वर केला, आणि दुसरा फटका त्या हाताची बोटं मोडून डोक्यात उतरला. ते गुडघ्यावर बसले, जणू काही शोधताहेत. दगडावर रक्त पडलं. बायका किंचाळल्या. जमादारानं काठी तिसऱ्यांदा उगारली.

पेटीवाल्याचा हात फिरतच होता. एक-दोन, एक-दोन. पाय जमिनीला खिळले होते, पण हात फिरत होता. मग पट्टी संपली, दांडा हलका झाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या नरड्यातून आवाज फुटला. तो धावला. तोवर चार जणांनी जमादाराला मागे ओढलं होतं.

भावोजी तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारले. शेवटपर्यंत त्यांनी कुणालाच ओळखलं नाही.

पेटीवाल्यानं ताईपासून लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, मिळेल तिथं मारत सुटली. तो उभा राहिला.

"माझा नवरा मरत होता आणि तू दांडा फिरवत होतास?"

"हो."

"का?"

"माहीत नाही, ताई. हात थांबला नाही."

धाप लागली तशी ती भिंतीला टेकली.  मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे ते पेटीत आहे."

"आहे."

"मग धू ती पट्टी."

त्यानं पट्टी रसायनात धुतली; तिच्यावर काळ्याचं पांढरं उमटलेलं, म्हणून तिची सुलटी प्रत काढली. त्याच्या खोलीला ओल होती, म्हणून ताईनं दोन्ही पट्ट्या आपल्या गच्चीवर, चादरींच्या आड वाळत घातल्या. त्यामुळेच त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार दोन माणसं घेऊन पेटीवाल्याच्या खोलीत आला. त्यांनी बाटल्या फोडल्या, काचा फोडल्या, घोड्याची चकती पायाखाली चुरडली. पहिल्या दोन खेपांच्या पट्ट्या दोरीवर लटकत होत्या, त्या खिशात कोंबल्या. एका पट्टीत काय आणि दुसरीत काय, हे बघायचं त्यांना सुचलं नाही.

"हाच ना तो हात?" जमादार म्हणाला.

दोघांनी पेटीवाल्याला धरलं, त्याचा उजवा पंजा दाराच्या चौकटीत ठेवला, आणि जमादारानं दार लाथेनं बंद केलं. एकदा. हाडं सुक्या काटक्यांसारखी वाजली. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी पेटीवाला शुद्धीवर नव्हता. पेटी तेवढी वाचली, कारण ती दुरुस्तीला घड्याळजीकडे होती.

खटला उभा राहिला तो बायकांनी हट्ट धरला म्हणून. जमादाराचं म्हणणं सरळ होतं: काठी फक्त भीती घालायला उगारली, माणूस घाबरून मागे सरला आणि डोकं दगडावर आपटलं. हात लावलाच नाही. आणि पेटीवाल्यानं कोर्टात हजर केलेली पट्टी? कारखान्याच्या वकिलानं ती स्वतःच मागून घेतली. खिडकीशी उभं राहून, भिंग लावून, त्यानं ती न्यायाधीशांना एकेक चित्र करून दाखवली.

"इथे काठी वर आहे, साहेब. पुढच्या चित्रात काठी खाली आणि माणूस वाकलेला. मधे? मधे काहीच नाही. आठशे चित्रं आहेत. काठी डोक्याला टेकलेली यातलं एक दाखवा, मी वकिली सोडतो."

न्यायाधीशांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. वकील खोटं बोलत नव्हता. दोन्ही फटके झडप मिटलेली असताना पडले होते. निम्मा वेळ तुझ्या पेटीला काही दिसतच नाही, असं भावोजी म्हणायचे.

"साहेब," तो उठून म्हणाला, "असं बघाल तर या पट्टीत कुणी पाऊलही टाकलेलं नाही. सगळे नुसते उभे आहेत. मग ती माणसं फाटकाबाहेर आलीच नाहीत म्हणायचं का? ती फिरवून बघायची असते."

"मग फिरवा," न्यायाधीश म्हणाले.

पेटीवाल्यानं बांधलेला हात वर करून दाखवला. कोर्टात कुजबुज झाली. तेवढ्यात ताई उठली, पदर खोचला आणि पेटीपाशी गेली.

खिडक्या बंद झाल्या. भिंतीवर चादर लागली. दिवा पेटला. "एक-दोन," पेटीवाला हळू म्हणाला, "एक-दोन, सावकाश, ताई." तिनं दांडा धरला आणि फाटक उघडलं.

कोर्टातल्या बहुतेकांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. बायका चालत आल्या तसे पुढच्या बाकावरचे लोक पाय आवरून बसले. मग दगडावर भावोजी येऊन उभे राहिले. ओठ हलले. मागून कुणीतरी हुंदका दिला. ताईचा हात थांबला नाही. जमादार आडवा आला, आणि काठी पडली. खोलीतल्या प्रत्येकानं ती पडताना पाहिली. कारकुनानं डोक्यावर हात घेतले. दुसऱ्यांदा पडली. भावोजी गुडघ्यावर बसले. काठी तिसऱ्यांदा वर गेली, तिथेच पट्टी संपली आणि चादर पांढरी झाली.

"तिसरा! तिसराही मारला!" अंधारात एक बाई ओरडली. "पडलेल्याला मारलं रे!"

"खोटं आहे!" आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला, घोगरा, चिडलेला. "तिसरा मी मारलाच नाही! दोनच मारले मी! दोनच!"

 कुणीतरी खिडकी उघडली. उजेडात जमादार कठडा धरून उभा होता, आणि आपण काय बोललो ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं. वकिलानं डोळे मिटून घेतले.

जमादारानं कठड्यावरून उडी मारली. शिपाई पुढे होईपर्यंत त्यानं पेटीला लाथ घातली, ती जमिनीवर पडून फुटली, आणि त्याचे हात ताईच्या गळ्याशी गेले. पेटीवाल्याचा एकच हात धड होता. त्यानं खांद्यानं धडक दिली, दोघं खाली पडले. पेटीवाल्यानं त्याच्या मनगटात दात रोवले आणि तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. चार शिपायांनी दोघांना वेगळं केलं. पेटीवाल्याचे पुढचे दोन दात जमादाराच्या मनगटात राहिले.

जमादाराला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. मालकाचं काय? पेटीवाल्यानं शपथेवर सांगितलं की फिरव, थांबवू नकोस असं तोच म्हणाला.

"पट्टीत मालक कुठे दिसतात?" वकिलानं विचारलं.

"ते माझ्या मागे उभे होते. पेटीच्या मागे उभा असलेला माणूस चित्रात येत नाही."

"आणि त्यांनी म्हटल्यावर तुम्ही काय केलंत?"

पेटीवाल्यानं ताईकडे पाहिलं नाही. "फिरवत राहिलो."

मालक सुटला. कारखान्याची घंटा तर भावोजी गेल्याच्या अकराव्या दिवशीच नेहमीसारखी झाली होती आणि पिळाच्या यंत्रावर नवा माणूस उभा राहिला होता.

निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर बायका ताईभोवती जमल्या, रडल्या, पांगल्या. पेटीवाला जरा दूर उभा होता. तोंड सुजलेलं, फुटक्या पेटीचे तुकडे एका पोत्यात. ताई खाली उतरली आणि त्याच्यासमोरून पुढे गेली. चार पावलांवर थांबली.

"घरी येऊ का, ताई?" त्यानं विचारलं.

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"ये," ती म्हणाली. "पण आज माझ्याशी बोलू नकोस."

तो पोतं डाव्या खांद्यावर टाकून तिच्या मागून निघाला.