हॉल्डनच्या जाहिरातीखालचं नाव

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या हॉल्डन कापडगिरणीत बायकांच्या पाळीसाठी पॅड बनत, पण जाहिरात बघून ते कुणाच्या बापाला कळलं नसतं. हिरव्या साटिनच्या झग्यातली एक बाई जिन्यात उभी, खाली दोनच शब्द: ‘निश्चिंत राहा.’ ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय!

व्हायचं तेच झालं. पत्रांचा पाऊस पडला, पण सगळ्यांना हवा होता झगा. लीड्सच्या एका बाईनं तर विचारलं, जरा जाड बाईच्या मापाचा मिळेल का?

पत्रांना उत्तरं देणारी एड्ना साईक्स पोट धरून हसली आणि तशीच मालकापुढे जाऊन उभी राहिली. “साहेब, पाळी हा शब्द लिहू या की सरळ!”

हॉल्डनसाहेबांचा चहा बशीत सांडला. “बरं, लिही. पण खाली एखाद्या नर्सचं नाव घाल. म्हणजे सभ्य दिसेल.”

“आपल्याकडे नर्स कुठाय? मी आहे. लिहीन तर माझ्या नावानं.”

साहेबांनी मान डोलावली, पण घरी आई भडकली. “अख्ख्या गावात बभ्रा! रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनेला तोंड कसं दाखवू मी? तुझ्याशी लग्न कोण करणार?”

एड्नाला रडू आलं. आईविरुद्ध ती कधी गेलीच नव्हती. तेराव्या वर्षी रक्त बघून आपण मरणार म्हणून ती कोळशाच्या खोलीत लपून बसली होती. तेव्हाही आईनं नुसत्या चिंध्या दिल्या होत्या, शब्द नाही. ते आठवून एड्नानं लिहिलंच: ‘मुलींनो, घाबरू नका. हा आजार नाही. ही पाळी, ती सगळ्यांना येते. त्यासाठी आम्ही पॅड बनवतो. – एड्ना साईक्स, हॅलिफॅक्स.’

जाहिरात छापून आली. आईनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि अबोला धरला.

शनिवारी दोघी खोकल्याच्या औषधाला बटरवर्थ केमिस्टकडे गेल्या. दुकान बायकांनी भरलेलं. चॅपलच्या मिसेस पॉग्सन मोठ्यानं म्हणाल्या, “वाचलं हो आम्ही, एड्ना! असलं लिहून वर स्वतःचं नाव! शोभतं का?”

एड्नाचे कान तापले. आई तिच्याकडे न बघताच पुढे झाली.

“बटरवर्थ, हॉल्डनचं एक पाकीट द्या.”

बटरवर्थनं खाली मान घालून पाकीट काढलं आणि रिवाजाप्रमाणे तपकिरी कागदात गुंडाळायला घेतलं.

“कागद राहू द्या,” आई म्हणाली. “माझ्या लेकीनं नाव झाकलं नाही. मी पाकीट कशाला झाकू?”

पाकीट टोपलीत बटाट्यांच्या वर ठेवून ती भर रस्त्यानं ताठ मानेनं चालू लागली. एड्नाला अभिमानानं धड चालताही येईना. आईची स्वतःची पाळी केव्हाच गेली होती.