गाठ सुटलेली गाठी

मी साखरेची गाठी बोलतेय. हो, तीच, पाडव्याला गुढीच्या गळ्यात कडुलिंबाशेजारी मिरवणारी. माझा जन्म मयूर विहारमधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरातला. इथल्या दुकानांत गाठी मिळत नाही, म्हणून वासंतीताई घरीच पाक करतात, त्यात लिंबू पिळतात आणि दोरा ठेवलेल्या साच्यात ओततात. त्यांची लेक वृंदा मला ‘बताशेवाली माला’ म्हणते. दिल्लीत वाढलेली पोर, मी मनावर घेत नाही.

आता थोडी ऐट करते. माझ्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साध्या शर्करा नांदतात. दोघींत कार्बन सहा, हायड्रोजन बारा, ऑक्सिजन सहा. अणू तेच, मांडणी निराळी, आणि तेवढ्यानं फ्रुक्टोज कितीतरी जास्त गोड! जुळताना दोघी मिळून पाण्याचा एक रेणू सोडतात आणि त्यांची साखर होते. तिलाच द्विशर्करा म्हणतात. इतका नेटका संसार मी माणसांत पाहिला नाही.

वृंदा पहाडगंजच्या मराठी शाळेत अकरावीला. रसायनशास्त्राच्या अलकाबाईंनी सांगितलं होतं, “घरून साखर आणा. ज्याचा प्रयोग चोख, तो नोएडाच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार.” वृंदाचा सगळा जीव त्या प्रदर्शनात अडकलेला. पण सकाळी पाहते तर साखरेचा डबा रिकामा. साखर माझ्यातच संपली होती ना! तिनं मलाच दप्तरात टाकलं.

बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात साखर तापवली तरी ते निळंच राहायला हवं. सुटं ग्लुकोज असेल तर ते लाल होतं. सगळ्यांच्या नळ्या निळ्या राहिल्या. वृंदाच्या नळीत माझा तुकडा होता. ती विटेसारखी लाल झाली.

“यार, तू ग्लुकोज मिक्स केलंस,” शेजारी प्रयोग करणारा भालचंद्र म्हणाला. “चीटिंग!”

“बिल्कुल नाही! बाई, सच्ची, साखरच आहे ती.” वृंदाचे डोळे भरून आले. मला बोलता येत असतं तर मी तिथेच ओरडले असते.

बाई रागावल्या नाहीत. दोऱ्यावरची उरलेली मी त्यांनी हातात घेतली. “आई हिच्यात आणखी काय घालते?”

“लिंबू. नाहीतर पाक खडबडीत होतो म्हणते.”

बाई हसल्या. त्यांनी साधी साखर विरल आम्लात उकळली, सोडा घालून आम्ल मारलं आणि निळं द्रावण टाकून तापवलं. नळी लाल! “साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोघी एकमेकींचा नेमका तोच हात धरून बसतात, ज्यानं त्या निळ्या द्रावणातल्या तांब्याला लाल करतात. लिंबाच्या आम्लानं ती गाठ सोडवली. वृंदा, खोटं कुणीच बोललं नाही. ना तू, ना तुझी नळी.”

भालचंद्र पुटपुटला, “सॉरी यार.” वृंदानं मात्र माझ्याकडे पाहून म्हटलं, “अच्छा, गाठ म्हणून गाठी!” पहिल्यांदाच तिनं मला नावानं हाक मारली. खरं सांगते, मी आतून विरघळले.

बाईंनी तिचाच प्रयोग निवडला, उद्या ती नोएडाला जाणार आहे. माझं शेवटचं पदक, म्हणजे दोऱ्यावरची उरलेली साखरेची चकती, तिच्या डब्यात आहे. उद्या ते पाण्यात पडेल आणि मी संपेन. त्याचं मला दुःख नाही. जुळताना सोडलेलं पाणी सुटताना परत घ्यावं लागतं, ते मी आधीच लिंबाच्या साक्षीनं घेतलंय.

एवढंच मागते, वृंदा. मी लाल झाले की घाबरू नकोस. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून सांग, यात लिंबू आहे, लबाडी नाही.