आईनं भिंगरीला सांगितलेली गोष्ट

बबडीला भीती काही केल्या सुचत नव्हती. सिनेमाच्या अभ्यासक्रमाचं हे दुसरं वर्ष. सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला न काढलेल्या भयपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर करून आणायला सांगितलं होतं. "रक्त, केस मोकळे सोडलेली बाई आणि करकरणारं दार घेऊन आलात तर अर्ध्यातच बंद करीन," असंही वर बजावलं होतं. झालं! बबडीकडे होतं-नव्हतं ते सगळं सरांनी एका वाक्यात काढून घेतलं.

तिनं खटाटोप कमी केला नाही. नळ ठिबकत ठेवला, तर आईनं येऊन घट्ट बंद केला. जिन्यातला दिवा काढून अंधारात शूटिंग करायला गेली, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी लगेच वायरमन बोलावला.

अशात एका संध्याकाळी भिंगरी ट्रायपॉड मागायला घरी आली. ही तिच्याच वर्गातली. खरं नाव हजेरीपुरतं. एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिला सगळं सुचायचं आणि सुचलेलं जमायचंही. बबडीची ती जिवलग मैत्रीण होती, आणि म्हणूनच तिचं काही चांगलं झालं की बबडीच्या पोटात जास्त दुखायचं. परक्याचं एवढं कोण मनाला लावून घेतं?

आई नुकतीच कामावरून आली होती. ती इस्पितळात कान तपासायची. भिंगरी तिच्या शेजारी मांडी ठोकून बसली आणि सरळ म्हणाली, "काकू, तुम्हाला कधी खरीखुरी भीती वाटलीय?"

बबडी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. आता आई हसून उडवून लावणार, असं तिला वाटलं. पण आई बोलायला लागली.

"आमच्याकडे एक खोली आहे. बाहेरचा आवाज आत जात नाही. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेबाहेरून बारीकबारीक आवाज सोडते. ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, मग माझ्याकडे दिवा लागतो. एकदा एक म्हातारी बाई आत बसली होती. मी मशीन अजून सुरूही केलं नव्हतं, तर दिवा लागला. म्हटलं, चुकून दाबलं असेल. पुन्हा लागला. पुन्हा. दार उघडून विचारलं, 'आजी, काय ऐकू येतंय?' तर म्हणाली, 'तुमचं बाळ रडतंय. घ्या ना त्याला.'"

"मग?" भिंगरी पुढे सरकून म्हणाली.

"मग काय! मला बाळ नव्हतंच. म्हणजे, होतं, पोटात. पण ते मी अजून कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं."

"म्हणजे आपली बबडी?"

"आपली बबडी."

कपातला चहा बशीत सांडला. ते 'आपली' बबडीला मिरचीसारखं झोंबलं. तिच्याच जन्माआधीची गोष्ट, तिच्याच घरात, तिच्याच आईच्या तोंडून, आणि ऐकतेय कोण, तर ट्रायपॉड न्यायला आलेली भिंगरी!

भिंगरी गेल्यावर तिनं आईला गाठलं. "मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी भिंगरीनं तिला कॉलेजच्या जिन्यात थांबवलं. "काकूंची गोष्ट मला करावीशी वाटतेय गं. पण खरं तर ती तुझी आहे. तुला करायची असेल तर सांग, मी सोडते."

'हो, माझी आहे, सोड,' एवढंच म्हणायचं होतं. पण उष्टं ताट उचलून दिल्यासारखं बबडीला वाटलं. "छे गं, कर की! मला केव्हाच सुचलंय," ती म्हणाली. सुचलं काहीच नव्हतं.

आईनं डॉक्टरांची परवानगी काढली आणि सुट्टीच्या दिवशी त्याच खोलीत भिंगरीचं शूटिंग ठरलं. तपासणारी बाई म्हणून आईच काम करणार होती. त्यासाठी तिनं नवा पांढरा कोट इस्त्री करून ठेवलेला पाहून बबडीचा तिळपापड झाला. पहिल्या वर्षी बबडीनं तिला एका फिल्ममध्ये नुसती खिडकीत उभी राहा म्हटलं, तेव्हा हिचं डोकं दुखत होतं!

बबडी दिवे धरायला म्हणून गेली. ऐनवेळी पेशंट होणारी मुलगी तापानं आली नाही.

"बबडे, तू बस ना आत," भिंगरी म्हणाली. "काही करायचं नाही, नुसतं बघायचं."

जाड दार लागलं आणि जग बंद झालं. भिंतींना मऊ फोम लावलेला. बबडीला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला, मग गिळलेली थुंकीसुद्धा. समोर काच. काचेपलीकडे आई भिंगरीला मशीनची बटणं दाखवत होती. भिंगरी काहीतरी बोलली आणि आई पोट धरून हसली. घरी अशी कधी हसली होती? मग आईनं हात पुढे केला आणि भिंगरीच्या डोळ्यांवर आलेली बट तिच्या कानामागे सारली. सहज. रोज सारत असल्यासारखी.

दोघींपैकी कुणाचंही आपल्याकडे लक्ष नाही, हे बबडीनं बराच वेळ पाहिलं. मग तिनं हातातलं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली. आई वळली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. ट्रायपॉडवरचा कॅमेरा केव्हापासून चालू आहे हे बबडीला ठाऊकच नव्हतं.

 परतताना बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, इतके दिवस सापडत नव्हती ती भीती सापडली होती.

तिचा ट्रेलर असा झाला. कुणीतरी घरी येतं. दाराला कुलूप नाही, तरी दार उघडत नाही. म्हणून ते खिडकीतून आत बघतं. आत आई जेवायला वाढतेय आणि समोर एक मुलगी बसलीय, बघणाऱ्याचा स्वेटर घालून. बघणारं दिसत नाही, फक्त त्याच्या श्वासानं काच धुरकटते. ते काचेवर टकटक करतं. आई उठून खिडकीशी येते, बाहेर बघते, आणि पडदा ओढून घेते.

आईच्या कामाला तिनं आईलाच घेतलं. आणि आतल्या मुलीच्या कामाला? दुसरं कोण! भिंगरी एका पायावर तयार झाली. बबडीचा स्वेटर तिला अगदी मापात बसला. बबडी कॅमेरा घेऊन बाहेर उभी राहिली. तिला अभिनय करावाच लागला नाही.

वर्गात ट्रेलर दाखवायचा दिवस आला. भिंगरीच्या ट्रेलरला पोरं किंचाळली. काचेआडच्या बबडीच्या चेहऱ्यावर सरांनी चित्र थांबवलं. "हे असं बघायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, सर. ती आपली तशीच बघत होती," भिंगरी म्हणाली, आणि वर्ग खो-खो हसला. वार्षिक कार्यक्रमासाठी तिचाच ट्रेलर निवडला गेला.

बबडीच्या ट्रेलरला कुणी किंचाळलं नाही. सर म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा पाहून म्हणाले, "मधे थोडा लांबलाय. पण मला घरी फोन करावासा वाटतोय." भिंगरी मात्र पहिल्यांदाच जागची हलली नाही. बाहेर पडताना हळूच म्हणाली, "हे माझ्यावर केलंयस ना?"

"ट्रेलर आहे गं," बबडी म्हणाली. त्या दिवशी दोघी एकेकट्याच घरी गेल्या.

घरी आईनं ट्रेलर मोबाईलवर पाहिला.

"खरंच असं झालं असतं तर मी पडदा ओढला नसता," ती म्हणाली.

"तुला भिंगरी जास्त आवडते का?" बबडीनं विचारलं. विसाव्या वर्षी असं विचारताना तिला लाज वाटली, पण तोंडून निघून गेलं.

आईनं मोबाईल खाली ठेवला. "तिच्याशी बोलणं सोपं जातं. ती माझी नाही ना. मी काहीही बोलले तरी ती रात्री झोपेल की नाही, ही काळजी मला नसते."

हे ऐकून बबडीचं समाधान झालं असं नाही. तिला आईनं थेट 'नाही' म्हणायला हवं होतं. पण आई खोटं बोलली नाही, हेही तिला कळलं.

कार्यक्रमाला ती आईशेजारी बसली. पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा झाला तेव्हा आईनं तिचं मनगट गच्च धरलं. भिंगरीला मंचावर बोलावलं, तर तिनं आधी काकूंचे आभार मानले, मग बबडीचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या, सगळ्यांहून जोरात.

बबडीनं पण वाजवल्या. जरा उशिरा, पण वाजवल्या.