समुद्र ओलांडून आलेला विस्तव

"ही गोष्ट तुला खरी वाटणार नाही. कुणालाच वाटत नाही," असं म्हणून टॉर्कल मॅकास्किल छाती पुढे काढायचा, जणू खरी न वाटणं हाच त्या गोष्टीचा दागिना. "माझ्या चुलीतला हा विस्तव स्काय बेटावरचा आहे. जहाजातून आला, अख्खा समुद्र ओलांडला, आणि एकदाही विझला नाही!"

समुद्रापारच्या नव्या मुलखात, ओटागोच्या त्या खोऱ्यात, घरोघरी मायदेशाची एखादी तरी वस्तू होती. कुणाकडे तारा तुटलेलं फिडल, कुणाकडे आजीचा चरखा. शेजारच्या मुर्डो बीटनच्या गळ्यात तर घराची किल्ली होती. मेंढ्यांना कुरण हवं म्हणून जमीनदाराने ते घर जाळलं, त्याला तप उलटून गेलं. पण किल्ली अंघोळीलासुद्धा गळ्यातून उतरत नसे. "पण तू अंघोळ करतोस कधी?" असं टॉर्कल विचारी.

टॉर्कलकडे होतं बायकोचं तीन पायांचं लोखंडी भांडं, आणि त्यातून आणलेला विस्तव. नव्या घरातली पहिली चूल जुन्या घरच्या निखाऱ्यावर पेटवायची, ही या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जुनी घरं तर मागे राख होऊन पडली. मग लोक टॉर्कलकडे यायचे. निखारा फुकट होता. गोष्ट मात्र ऐकावीच लागे, आणि ती पहिल्यापासून.

पुढे खाली दुकानात काड्यापेट्या आल्या आणि वर डोंगरात सोनं सापडलं. पोरं सोन्यामागे गेली, उरलेल्यांनी काड्या घेतल्या. मागच्या लोकरकातरणीपासून टॉर्कलच्या दारावर वाऱ्याशिवाय कुणी थाप मारली नव्हती. मुर्डो येई, पण त्याला गोष्ट तोंडपाठ. तो ऐकणारा नव्हे, तपासनीस. टॉर्कल मग विस्तवाशीच बोले. सवयीने दोघांपुरती ओटची लापशी शिजवी आणि उरलेली दुसऱ्या दिवशी गार खाई. आता तो विस्तव कितीदा विझला आणि त्याच मेल्या काड्यांनी कितीदा पेटला, ते टॉर्कल जाणे आणि दुकानदार जाणे.

अशात एका दुपारी एक तरुण बाई रिकामं भांडं घेऊन दारात उभी राहिली. टेकडीपलीकडे तिचं घर बांधून होत आलं होतं, नवरा छपरावर शेवटचं गवत अंथरत होता. तिला पहिल्या चुलीसाठी निखारा हवा होता.

"ये, ये पोरी, बस! मुर्डो, ऊठ त्या स्टुलावरून."

"अरे, आधी विचार तरी, कुणाची कोण," मुर्डो कुरकुरत उठला.

"ते मग बघू!"

स्कायचा माणूस अशी चूक करत नाही. दारात आलेल्याचा बाप कोण, आजा कोण, वाडी कुठली, हे विचारल्याशिवाय तिथे घोटभर पाणीही पुढे करत नाहीत. पण भुकेल्याला रीतभात सुचत नाही, आणि टॉर्कल ऐकणाऱ्या कानांचा भुकेला होता. हिला गोष्ट पटली तर ही पुन्हा येईल, हिच्या मागून टेकडीपलीकडची सगळी वस्ती येईल, दारात पुन्हा भांडी वाजतील. ती बसेपर्यंत त्याने मनात एवढं सगळं मांडूनही टाकलं.

"नाव काय तुझं?"

"मार्सली."

"छान. तर ऐक. निघायच्या सकाळी माझ्या ओयरिकने चुलीतले निखारे या भांड्यात घेतले, राखेखाली झोपवले, वर शाल पांघरली. आता जहाजावर विस्तवाला बंदी! कप्तान नाक वर करून हुंगत फिरतोय. मग आम्ही काय केलं? भांड्यावर कोंबडी बसवली."

"मागच्या वेळी बदक होतं," मुर्डो म्हणाला.

"बदक नंतर! कोंबडी आधी. अगं, तिची अंडी उकडलेलीच बाहेर पडायची. कप्तान रोज दोन खायचा आणि म्हणायचा, काय गुणी कोंबडी आहे!"

मार्सली खुदकन हसली. किती दिवसांनी त्या घरात बाईमाणसाचं हसू वाजलं! टॉर्कल क्षणभर पुढचं विसरला.

"मग विषुववृत्त आलं. तिथे विस्तवाला कळेना, वर कुठलं आणि खाली कुठलं. धूर समुद्राच्या तळाशी जायला लागला. मासे शिंकत शिंकत वर! आम्ही नुसते हाताने उचलले. धुरावलेले, वर मीठही लावलेलं."

"मीठ कुणी लावलं?" मुर्डोने विचारलं.

"मग समुद्रात काय साखर असते, गाढवा?"

विषुववृत्तानंतर गोष्टीतलं भांडं एकट्या टॉर्कलच्या मांडीवर असे. ओयरिक कुठे गेली ते तो सांगत नसे. तिला कापडात गुंडाळून लाटांवर सोडलं होतं, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारतही नसे. मुर्डोनेही खाली बघून बूट साफ केला.

"मग वादळ आलं. पाणी थेट भांड्यात! तेव्हा शेवटचा निखारा मी तोंडात धरला. वादळ सरेपर्यंत."

"म्हणून याची जीभ अजून थंड होत नाही," मुर्डो म्हणाला.

"आणि किनाऱ्यावर उतरून तोंड उघडलं, तर हा! आर्दवान वाडीतल्या माझ्या चुलीचा, माझ्या आजीच्या आजीने पेटवलेला. एकदाही विझला नाही!"

त्याने चिमट्याने सगळ्यात लाल निखारा उचलला. मार्सली उठून उभी राहिली होती. आता ती हसत नव्हती.

"आर्दवान म्हणालात?"

"आर्दवानच. तुला काय माहीत असणार ते!"

भांडं तसंच पुढे धरून ती म्हणाली, "खोटं बोलताय, टॉर्कलकाका. मी आर्दवानच्या पेगी विणकरणीची. तुमच्या पलीकडचं दार आमचं. जमीनदाराची माणसं घरं रिकामी करायला आली तेव्हा मी आईचा घागरा धरून उभी होते. त्यांनी ओयरिककाकूंच्या हातातली दुधाची चरवी ओढून घेतली आणि तुमच्या चुलीवर उपडी केली. वाडीभर करपलेल्या दुधाचा वास सुटला होता. काका, तुमचा विस्तव जहाजावर चढलाच नाही. तो तिथेच विझला."