मोरीतून थेट सफरचंदावर

मित्रांनो, तुमचं जेवण व्हायचं असेल तर माझी कहाणी नंतर वाचा. मी घडी होऊन खिशात मावणारा एक स्वस्तातला चाकू आहे. आता म्हातारा झालो, तरी माझ्या पोटात काय काय साचलं होतं ते आठवलं की मला अजून मळमळतं.

माझा जन्म काही गाजावाजात झाला नाही. एका कारखान्यात पातळ पत्र्यातून धडाधड ठोकून काढलेल्या भावंडांपैकी मी एक. पातं बरं निघालं, पण ते उघडं धरून ठेवणारा खटका घाईघाईत बसवला गेला. दुकानदार मात्र मला गिऱ्हाइकांपुढे नाचवत म्हणायचा, "अस्सल पोलाद! नातवंडं वापरतील." ते ऐकून मी मुठीत तोंड लपवायचो.

मला विकत घेतलं एका प्लंबरने. माणूस साधा, कष्टाळू. पण काहीही विचारलं तरी "चालेल" म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला चालेलशेठ म्हणे. पहिले दिवस सुखाचे गेले. मी सुतळी तोडायचो, रबर कापायचो, खोक्यांच्या पट्ट्या उघडायचो. "एवढ्याशा किमतीत काय चाकू मिळालाय!" असं तो सोबत्यांना सांगे आणि मी फुशारून जाई.

मग त्याला माझी सवय झाली आणि माझे हाल सुरू झाले. तुंबलेल्या मोऱ्यांच्या जाळ्या तो माझ्या टोकाने उचकटू लागला. केसांचे बुळबुळीत गुंते, साबणाचा करडा थर, आंबलेल्या खरकट्याचा चिखल, सगळ्यात माझंच तोंड! काम झालं की पँटवर पुसायचं, मिटायचं आणि खिशात टाकायचं. वरून मी चकचकीत दिसे. पण मुठीच्या फटीत ती घाण खिशातल्या मळात कालवली जाऊन घट्ट बसली. त्याच टोकाने तो नखं कोरी आणि जेवल्यावर दातसुद्धा कोरी. शी! मला उलटी करता आली असती, तर मी त्याच्या खिशातच केली असती.

त्याच्या घरी दोनच माणसं होती. चामडी पिशव्या शिवणारी बायको आणि म्हातारे वडील, आबा. आबांना दात नव्हते, पण सफरचंदाची पातळ फोड फार आवडायची. एका संध्याकाळी चालेलशेठ हौसेने सफरचंद घेऊन आला, आबांच्या खाटेवर बसला आणि त्याने मला उघडलं.

बायको शिलाईवरून ओरडली, "अहो, आत्ता याच चाकूनं मोरी उपसून आलात ना?"

"पुसलाय की! चालेल."

मी त्या गोड, पांढऱ्या गरात शिरलो आणि माझ्या फटीतला काळा ओघळ त्यात उतरताना मला जाणवला. आबांनी डोळे मिटून फोड चघळली. वर म्हणाले, "गोड आहे रे." मित्रांनो, इतकी किळस मला मोरीतही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आबांना जुलाब-उलट्यांनी घेरलं. डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांना मुलगाही ओळखू येईना. सलाईनची सुई टोचायला शीर सापडत नव्हती, आणि चालेलशेठ भिंतीला टेकून उभा होता.

घरी येताच त्याने मला कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं. "दळभद्री चाकू!"

"त्याला कशाला शिव्या देता?" बायको म्हणाली. "तो काय स्वतःहून मोरीत उडी मारत होता?"

नाकाला पदर लावून तिने मला बाहेर काढलं. उकळतं पाणी, साबण आणि जुना ब्रश घेऊन बसली. फटीतून जे निघालं ते पाहून तिला ओकारी आली. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "हे आबांना भरवलंत." त्याने पाहिलं आणि मान फिरवली.

मग तिने माझी परीक्षा घेतली. चामड्याची पट्टी कापून पाहिली. धार पसंत पडली. पात्याची पाठ लाकडी फळीवर दाबली, तर खटका सुटला आणि मी खाडकन मिटलो. बोट तिने आधीच बाजूला ठेवलं होतं. "पातं बरं, खटका भरवशाचा नाही," ती म्हणाली. "हा माझ्याकडे दोरे कापेल. तुमच्या खिशात परत जाणार नाही." इतका खरा अभिप्राय माझ्याबद्दल कुणी दिला नव्हता. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

आबा वाचले. घरी आल्यावर चार-सहा दिवसांनी मुलाने त्यांच्यासाठी पुन्हा सफरचंद आणलं. या वेळी त्याने कोपरापर्यंत हात धुतले, फळ धुतलं, स्वयंपाकघरातली सुरी धुतली आणि पातळ फोड आबांपुढे धरली. आबा त्या फोडीकडे बघत राहिले.

"आधी तू खा," ते म्हणाले.

त्याने खाल्ली. तो गिळेपर्यंत आबांची नजर त्याच्या गळ्यावरून हलली नाही. मगच त्यांनी तोंड उघडलं.

मित्रांनो, घरातल्या स्वस्त चाकूला उगाच थोर समजू नका. त्याचा खटका तपासा आणि त्याच्याकडून झेपेल तेवढंच काम घ्या. पण त्याला फटीपर्यंत उघडून धुवा आणि कोरडा करा. पुसलेलं आणि धुतलेलं डोळ्यांना सारखंच दिसतं. फरक म्हाताऱ्या पोटाला कळतो.