चोपाचा सीन

आईनं कोबीच्या गड्ड्यावर दांडकं हाणलं आणि पडद्यावर नायकाचं नाक फुटलं.

"जरा लवकर पडला," काचेच्या अलीकडून छकू म्हणाली. "परत."

छकू तिशीची बाई, ध्वनिमुद्रणात चांगली मुरलेली. पण स्टुडिओत सगळे तिला छकूच म्हणत, कारण तिचे आई-बाबा तसं म्हणायचे आणि ते दोघंही याच धंद्यातले. पडद्यावर जे जे आपटतं, फुटतं, मोडतं, त्याचा आवाज मागाहून भरायचा, हे त्यांचं काम. थपडेला जुनं चामडी जाकीट, हाड मोडायला गाजरं, डोकं फुटायला कलिंगड आणि चोप द्यायला कोबी. सिनेमा मारामारीचा नव्हता हो! चांगला प्रेमाचा, हसवणारा होता. काडीमोड झालेला नवरा कित्येक वर्षांनी परत येतो, बायको त्याला ताटल्या फेकून मारते, तिचे भाऊ त्याला बदडून काढतात आणि शेवटी सगळं घर त्याच्या गळ्यात पडतं. पण दिग्दर्शकाला विनोद म्हणजे बडवाबडवी, एवढंच कळत असावं. सकाळपासून या दोघांनी एक जिना पाडला होता, दारं फोडली होती आणि टोपलीभर ताटल्यांचा चुरा केला होता.

दोघांना एकत्र आणलं होतं छकूनंच. लहानपणी एकदा ती मावशीकडे सुट्टीला गेली आणि परत आली, तेव्हा घरात बाबा नव्हते आणि आईला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. कान तापानं गेला, बाबा भांडून गेले, एवढंच तिला सांगितलं गेलं. आता बाबांचे केस पिकले होते, दारू सुटली होती. मला घरी घ्या, म्हणत होते. आईचं आपलं एकच, बघू. छकूनं तिच्यामागं टुमणं लावलं तेव्हा कुठं ती म्हणाली, एक सिनेमा एकत्र करू, मग सांगते. आज त्या सिनेमाचं शेवटचं रीळ होतं आणि आई अजून काही बोलली नव्हती.

पण दिवस झकास चालला होता.

"हळू आपट की," मघाशी बाबा म्हणाले होते. "तुझ्या सासूची नाही ती ताटली."

"सासूची असती तर हळू आपटली असती होय?" आई म्हणाली आणि बाबा खो खो हसले.

काचेमागं छकूचे डोळे भरून आले होते. एवढंच तर हवं होतं तिला. तिघांनी एका टेबलाशी बसून जेवावं, कुणीतरी कुणाची तरी टिंगल करावी. एवढी मोठी बाई, पण ही हाव काही सुटली नव्हती.

आता चोपाचा सीन आला. बायकोचे तिन्ही भाऊ नायकाला चिखलात लोळवून बडवतात, तो.

"हा मला दे," बाबा आईला म्हणाले. "पुरुषाचा हात लागतो याला."

पहिल्यांदा त्यांचा फटका मागं पडला. दुसऱ्यांदा पुढं. तिसऱ्यांदाही छकूला थांबवावं लागलं.

"बाबा, पडद्याकडे बघा ना."

"बघतोय मी," बाबा म्हणाले.

शेवटी आईनं त्यांच्या हातातून दांडकं घेतलं, पदर खोचला आणि एका दमात सगळे फटके जागच्या जागी टाकून दाखवले.

"हात जड झालाय रे तुझा," ती म्हणाली आणि मनापासून हसली.

बाबाही हसले. "आण इकडं. आता बघ."

नवा गड्डा ठेवला. लाल दिवा लागला. आई त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली आणि आवाज न करता ताटल्यांचे तुकडे गोळा करू लागली. यावेळी बाबांचा एकेक फटका अचूक पडला. छकूनं काचेतून अंगठा वर केला. पडद्यावरचा मार संपला, भाऊ धापा टाकत बाजूला झाले, चिखलात बसलेल्या नायकाकडे बघून नायिका तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

बाबा मारतच होते. कोबी फुटला, पानं उडाली, आतला दांडा घरंगळायला लागला. डाव्या हातानं तो जागेवर दाबून धरून ते मारत होते. आणि प्रत्येक फटक्याबरोबर ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत होते. छकूनं आवाज वाढवला.

"हसतेस? हस. हस ना. हस की आता."

मग दांडकं ठेवून बाबांनी कपाळ पुसलं. काचेकडे बघून छान हसले.

"आला का गं?"

"आला," छकू म्हणाली.

आई काचेच्या अलीकडे, छकूच्या खोलीत आली. जाड दार तिनं खांद्यानं लोटून लावलं.

"बरं," ती म्हणाली. "येऊ दे बाबांना घरी. आजच आणू सामान."

 छकूनं आपले हेडफोन काढले, आईच्या उजव्या कानाला लावले आणि मघाचा टेक मागं नेला.

आई ऐकत उभी राहिली. चोप संपला तसे तिनं डोळे मिटले.

"आता दम घेईल," ती म्हणाली.

मॉनिटरवर आवाजाची रेघ क्षणभर सपाट झाली.

"आता परत."

रेघ उसळली.

"आता एक मोठा. तो शेवटचा."

मोठा आला. तसा आईचा हात आपसूक वर गेला आणि डाव्या कानावर बसला. ज्या कानाला काही ऐकूच येत नव्हतं, त्या.

"ताप नव्हता आला तुला," छकू म्हणाली.

"नव्हता."

"मग हो कशाला म्हणतेस? अगं आई, कशाला?"

"तू किती आशेनं विचारत होतीस," आई म्हणाली. "म्हटलं, म्हातारा झालाय आता. आणि कान एकच तर गेलाय, दुसरा आहे की."

ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. छकूला संताप आला. बाबांचा आला, आईचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"काय ठरलं मायलेकींचं?" पलीकडून माइकमध्ये वाकून बाबांनी विचारलं.

छकूनं बटण दाबलं.

"बाबा, तुम्ही घरी येऊ नका. कधीच."

आणि त्यांच्या माइकचा आवाज तिनं पार खाली ओढला.

बाबांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते काचेशी आले. तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. मूठ काचेवर आदळली. पुन्हा आदळली. काचेला कोबीची पानं चिकटली. स्टुडिओ चांगला बांधलेला होता, आत काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

सवयीनं आई त्यांना शांत करायला निघाली. छकूनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"थोड्या वेळानं रडायला लागेल," आई म्हणाली. "मग दार उघडावंसं वाटतं."

"वाटू दे," छकू म्हणाली. तिनं उठून दाराला आतून कडी घातली.

ती वळली तेव्हा बाबा काचेला कपाळ टेकून उभे होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. छकूला दार उघडावंसं वाटलं.