दोन विहिरींचं पाणी

अठ्ठावन्न साली आचऱ्याजवळच्या आमच्या शाळेत थर्मामीटर आला. हेडमास्तर दाजींनी पोरांपुढे अर्धा तास भाषण ठोकलं: विज्ञानाला जात नसते, धर्म नसतो. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, पाणी मात्र वेगवेगळं उकळा.”

म्हणून सुनीतीनं देवळाच्या विहिरीचं पाणी आणलं, रोझालिनानं चर्चच्या विहिरीचं. भांडी दोन, स्टोव्ह दोन. थर्मामीटर एकच. देवळाचं पाणी शंभरावर उकळलं. थर्मामीटर पुसून मी चर्चच्या पाण्यात बुडवला. तेही शंभरावरच.

पोरी खूश झाल्या. विज्ञानाचा हा पुजारी मात्र कोपऱ्यात घाम पुसत होता. भाषणातली शुद्ध मराठी केव्हाच सुटली होती.

“ता सगळा खरा बाई, पण नळी बाटली. गोमूत्रान धुवा, मगेच कपाटात ठेवा.”